भोंग्यानंतरचा तास

तुम्ही परळचे मास्तर आहात, आणि या गोष्टीत तुम्हाला निवृत्ती नाही; काळागणिक फक्त वय आणि रूप बदलतं.

साल 1925. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा होऊन गेला आहे. कामगार नेते ना. म. जोशींनी 1911 मध्ये काढलेल्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळेत तुम्ही उभे आहात. समोर तुमच्याहून थोराड माणसं बसली आहेत, केसांत कापूस आणि हातात पाटी. तुम्ही पोरांच्या पुस्तकातला धडा काढता, तोच मागून एक साचेवाला विणकर म्हणतो, "मास्तर, ते राहू द्या. पगारातनं दंड कशाचा कापला, तेवढं वाचता येईल असं शिकवा."

असं पुस्तक तुमच्याकडे नाही. मग तुम्ही त्यालाच विचारता. ताग्यात वार किती? मजुरी कशी धरतात? कापड खराब निघालं तर किती कापतात? तो सांगत जातो, तुम्ही लिहून घेता. उद्याचं गणित त्याच्या उत्तरांतून तयार होतं. घरी पोचेपर्यंत मध्यरात्र होते. ही तयारी कोणी पगारात धरत नाही.

आता 1 एप्रिल 1957. तुम्ही महापालिकेच्या मराठी शाळेत आहात. आजपासून रुपयाचे सोळा आणे नाहीत, शंभर नये पैसे आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे तुम्ही छड्या खाऊन पाठ केलेले. त्यावर तुमची गावभर पत होती, कारण वाण्याचा हिशेब तुम्ही तोंडी सोडवायचात. पाठोपाठ शेर आणि मणही जाणार आहेत, किलो येणार आहे. रात्री खोलीत दिव्याखाली तुम्ही नवं कोष्टक घोकता: एक आणा म्हणजे 6 नये पैसे, दोन आणे म्हणजे 12, तीन आणे म्हणजे 19. उद्या वर्गातलं एखादं चलाख पोर विचारणारच, तीन सक अठरा, मग एकोणीस कसे? म्हणून आधी तुम्ही स्वतःला समजावता की आणा खरं तर सव्वासहा पैशांचा; तीन आण्यांचे पावणेएकोणीस होतात आणि वरचा पाव भरून घेतात. चाळिशीत पुन्हा पाढे शिकायला लागणं सोपं नसतं. तुम्ही शिकता.

1961 मध्ये शेजारच्या नायगावच्या शाळेत एक नवे शिक्षक रुजू होतात: नारायण गंगाराम सुर्वे. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेलं हे अनाथ पोर परळच्या चाळींत वाढलं, चौथीनंतर शाळा सुटली, गिरणीत राबलं. मग महापालिकेच्या शाळेत शिपाई. फळा पुसायचा, घंटा द्यायची, आणि काम संपल्यावर अभ्यास करून सातवीची फायनल परीक्षा द्यायची. ज्या वर्गाच्या दाराशी उभं राहायचं, तशाच वर्गात ते आता खडू घेऊन शिरतात. पुढच्याच वर्षी 'ऐसा गा मी ब्रह्म' आणि 1966 मध्ये 'माझे विद्यापीठ' हे कवितासंग्रह येतात; 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. मला मात्र कवीइतकेच ते मास्तर मोठे वाटतात. आपण काय शिकलो नाही, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं, आणि अशा माणसासमोर बसलेल्या पोराला न येण्याची लाज वाटत नाही.

18 जानेवारी 1982. गिरणी कामगारांचा संप सुरू होतो. भोंगे गप्प होतात. लोक कोकणात, साताऱ्याला, कोल्हापूरकडे परततात आणि तुम्ही शाळा सोडल्याचे दाखले लिहीत बसता. पट घसरतो. त्याबद्दल फार बोलवत नाही.

मार्च 2020. शाळांना कुलूप. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत तुम्ही मोबाइल डब्याला टेकवून फळा दाखवता. आवाज कुणालाच जात नाही. सातवीतली मुलगी चॅटवर लिहिते, "बाई, माइक बंद आहे. खाली लाल खूण दिसते ना, ती दाबा." तुम्ही दाबता. दुसऱ्या दिवशी पीडीएफ कशी करायची तेही तिच्याकडूनच शिकता. आठवड्याभरात कळतं की सकाळच्या तासाला निम्मी मुलं नसतात, कारण घरातला एकुलता फोन वडिलांबरोबर कामावर जातो. मग तास रात्री आठला ठेवता. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले तरी परळच्या मास्तरांना तास पुन्हा कामगाराच्या घरी परतण्याच्या वेळेवरच बेतावा लागतो.

आणि 1 सप्टेंबर 2025. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. तुमचं वय अठ्ठेचाळीस. दादर गाठेपर्यंत लोकलमध्ये उभ्याने तुम्ही बालमानसशास्त्राचे प्रश्न सोडवता. शाळेत ऑनलाइन माहिती भरायची आहे, मतदारयाद्यांचं काम आहे, दीक्षा अॅपवरचं प्रशिक्षण अर्धं राहिलं आहे. सुर्व्यांच्या परीक्षेनं त्यांना वर्गाचं दार उघडून दिलं. ही परीक्षा तुमच्यामागे दार लावून घेण्याची भीती घालते. भीतीपोटी माणूस पाठांतर करतो. साचेवाल्याला प्रश्न विचारायला जी उसंत लागली होती, ती यात कुठेच धरलेली नाही.

तेव्हा उद्या मुख्याध्यापकांकडे जा आणि आठवड्याच्या वेळापत्रकात शिक्षकांच्या अभ्यासाचे दोन तास मागा. शाळेच्या वेळेत, पगारी. लेखी अर्ज द्या, पोच घ्या.