सीलिअॅक असलेल्या मुलांचा घरोघरचा खाऊ : तिळगूळ, खिरापत, फराळ कसा सांभाळायचा?

संक्रांतीला मुलं तिळगूळ घ्यायला दहा घरी जातात. नवरात्रात हादग्याच्या (काही भागांत भोंडल्याच्या) खिरापतीभोवती जमतात. दिवाळीत तर प्रत्येक घरी फराळाची बशी पुढे येते. घरात सीलिअॅक असलेलं मूल असेल, तर हीच बशी आईबापांना घोर लावते. मुलाला घरी बसवायचं, की पाठवून नशिबावर सोडायचं? दोन्हीची गरज नाही. मुलाला जाऊ द्या, खाऊ घेऊही द्या. खायचं मात्र घरी आणून, निवडून झाल्यावर.

आजार नेमका काय?

गहू आणि जव (बार्ली) यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं. सीलिअॅक असलेल्यांच्या शरीरात ग्लुटेन गेलं की त्यांचीच रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, फुगलेलं पोट, खुंटलेली उंची, औषधांनीही न हटणारा पंडुरोग ही नेहमीची लक्षणं. काही मुलांत मात्र वरून काहीच दिसत नाही. उत्तर भारतातल्या पाहणीत साधारण शंभरात एक असं प्रमाण आढळलं आहे, दक्षिणेत ते बरंच कमी आहे.

निदानासाठी टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी आणि बहुतेक वेळा दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा काढून तपासणी करतात. तपासणीआधी स्वतःहून गहू बंद करू नका, निकाल चुकू शकतो. उपचार एकच, ग्लुटेन जन्मभर बंद.

‘एवढ्याशानं काय होतंय?’

आजी, मावशी, शेजारच्या काकू प्रेमानंच म्हणतात, ‘प्रसादाला नाही म्हणू नये, चिमूटभर घे.’ इथेच गाडी अडते. एका पोळीत साधारण दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. रोज ५० मिलिग्रॅम, म्हणजे पोळीचा जेमतेम चाळीसावा-पन्नासावा भाग पोटात गेला तरी आतड्याला इजा होऊ शकते. सत्यनारायणाचा शिरा चमचाभर असला तरी रव्याचाच. नाव प्रसादाचं असलं तरी आतड्याला ते कळत नाही. केळं किंवा खोबरं-साखर दिली तर प्रसादही होतो आणि मूलही सुखरूप राहतं.

घरी आल्यावर तीन वाटे

*चालेल :* तिळगूळ, काटेरी हलवा, शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याचा लाडू, पंचखाद्य, साधे चुरमुरे, फुटाणे, बोरं, ऊस, उकडीचे मोदक, गोव्याकडचं तांदळाचं दोदोल.

*चालणार नाही :* शंकरपाळी, चिरोटे, करंजी, रवा लाडू, शिरा, गुळपोळी, गव्हाच्या चिकाची कुरडई, बिस्किटं, वेफर किंवा माल्ट असलेली चॉकलेटं. बेळगावचे मांडे, गोव्याची नेवरी आणि बेबिंका, इंदूरची जिलबी, बडोद्याची भाकरवडी, हैदराबादचं उस्मानिया बिस्किटही याच वाट्यात.

*विचारल्याशिवाय नाही :* चकली (भाजणीत गहू आहे का?), बेसन लाडू (दाणेदारपणासाठी रवा घातलाय का?), डिंकाचा लाडू (कणीक आहे का?), चिवडा आणि शेव (हिंग कुठला?), अनारसे (शंकरपाळी तळलेल्या तेलातच तळले का?), दुकानातला पेढा आणि कुंदा.

‘चालणार नाही’ वाट्यातल्या प्रत्येक वस्तूच्या बदल्यात तेवढीच चालणारी वस्तू लगेच द्या. अदलाबदलीचा डबा सणाआधीच भरून ठेवा. नुसतं काढून घेतलं तर पुढच्या वेळी मूल वाटेतच खाऊन येईल.

लपलेला गहू

*हिंग.* बाजारातलं बहुतेक हिंग पिठात मिसळलेलं असतं आणि ते पीठ अनेकदा गव्हाचं असतं. तांदळाच्या पिठातलं हिंग मिळतं, डबीवर वाचून घ्या.

*गिरणी.* आधी गहू दळला असेल तर जात्यात राहिलेलं पीठ तुमच्या भाजणीत येतं. या मुलांसाठीचं पीठ घरीच दळलेलं बरं.

*खपली गहू.* सीमाभागात खपली पथ्याची म्हणून खातात. पण ती गव्हाचीच जात, तिच्यातही ग्लुटेन आहे.

*रवा.* इडली रवा तांदळाचा असतो. बन्सी रवा आणि चिरोटी रवा मात्र गव्हाचे.

*सातू.* सातूच्या पिठात कुठे जव, कुठे गहू, कुठे फक्त डाळं असतं. विचारल्याशिवाय देऊ नका.

पाकिटावर काय वाचाल?

एफएसएसएआयच्या नियमांनुसार ‘ग्लुटेनमुक्त’ लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. साध्या पाकिटावरही गहू-जव असल्यास अॅलर्जीच्या सूचनेत तसं लिहावं लागतं. हिरव्या ठिपक्याचा याच्याशी संबंध नाही, तो फक्त शाकाहाराचा. राज्य बदललं की शब्दही बदलतात. गव्हाला कन्नडमध्ये गोधी, तेलुगूत गोधुमलु, गुजरातीत घउं, हिंदीत गेहूँ म्हणतात. कन्नडमधली जवेगोधी म्हणजे जव. सुटं फरसाण घेताना वाचायला काहीच नसतं, म्हणून ते टाळलेलंच बरं.

शाळा आणि शेजार

वर्गात वाढदिवसाचं चॉकलेट वाटलं जातं. बाईंकडे मुलाच्या नावाचा चालणाऱ्या खाऊचा डबा ठेवून द्या. शेजारी सणाच्या आदल्या दिवशीच सांगा, ‘काकू, हिला गव्हाचं पथ्य आहे, तिच्यासाठी दोन तिळगूळ वेगळ्या डब्यात ठेवाल का?’ बहुतेक जण आनंदानं ठेवतात. मुलालाही एक वाक्य पाठ हवं : ‘मी घरी नेऊन खातो.’

चुकून खाल्लं तर?

ओकारी काढायला लावू नका. पाणी द्या, विश्रांती द्या, पुन्हा पथ्यावर या. जुलाब-उलट्या थांबेनात किंवा मूल मलूल दिसलं तर डॉक्टरांकडे न्या. अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर ती गव्हाची अॅलर्जी असू शकते. तो वेगळा आजार आहे, तेव्हा थेट दवाखाना गाठा.

आणि रागावू नका. ओरडा खाल्लेलं मूल पुढच्या वेळी खाल्लेलं लपवतं, आणि लपवलेल्या घासावर उपाय करता येत नाही.