पाठवणी आणि पाठराखण

ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी समाजाच्या सेवाकार्याच्या इतिहासावर काही लिहावे, असे संपादक मंडळाने सुचविले. मंदिर, पाठशाळा, धर्मशाळा यांविषयी अन्य बंधू लिहितीलच. घरात मारहाण व छळ सोसणाऱ्या स्त्रीला आणि तिच्या माहेरच्यांना समाजाने कोणता आधार दिला, याचा मागोवा मी घेणार आहे. आपल्या वह्यांत त्याची नोंद फारशी नाही.

जैन समाजाला या बाबतीत परंपराच नव्हती, असे नाही. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्या कन्या मगनबाई ऐन तारुण्यात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसविता शिकविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच मगनबाईंनी श्राविकाश्रम उभा केला. ललिताबाई व सोलापूरच्या कंकुबाई या त्यांच्या सहकारी होत्या. सोलापूरच्या श्राविकाश्रमाला पुढे पंडिता सुमतिबाई शहा यांनी मोठ्या शिक्षणसंस्थेचे रूप दिले. तथापि या कार्यात प्रथम विचार होता तो विधवेचा. कपाळी कुंकू असून घरात मार खाणाऱ्या सुनेचे काय? तिला माहेर तेवढे होते, आणि माहेराला लोकांची भीती.

अशा वेळी पंचमंडळी बसत. १९८३ साली मी बी. कॉम. होऊन नुकताच दुकानात बसू लागलो होतो. गावातील एक लेक अंगावर वळ घेऊन माहेरी आली होती. आमच्याच दुकानाच्या गादीवर बैठक झाली. दोन्हीकडचे वडीलधारे बोलले, जावयाने मान खाली घालून शब्द दिला, चहा झाला. ती आतल्या खोलीत माझ्या आईजवळ बसली होती. तिला कोणी काही विचारले नाही. दुसऱ्या दिवशी तिची पाठवणी झाली. बसपर्यंत तिची ट्रंक मीच पोहोचविली.

वास्तविक त्याआधी वर्षभरापूर्वीच मराठवाड्याला एक मोठा धक्का बसला होता. जून १९८२ मध्ये मंजुश्री सारडा या बीडच्या लेकीचा लग्नानंतर चारच महिन्यांत पुण्यात विषाने मृत्यू झाला. मधल्या काळात ती माहेरी येऊन परत गेली होती, मनातले दुःख पत्रांतून कळवीत होती. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिच्या पतीची निर्दोष मुक्तता झाली. न्यायालयाने पुराव्यावर निर्णय दिला. पण पत्रे वाचूनही आपण काय केले, हा प्रश्न समाजापुढे राहिला. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मी एक मंजुश्री’ हे प्रदर्शन भरविले आणि त्यातून पुण्यात नारी समता मंच उभा राहिला. आपल्या शेजारी अंबाजोगाईस शैला लोहिया यांनी ‘मनस्विनी’च्या माध्यमातून टाकून दिलेल्या स्त्रियांसाठी काम उभे केले. १९८४ मध्येच मुंबई पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथील समाजसेविका प्रथम त्या स्त्रीचे म्हणणे ऐकते, मग सासरच्यांना बोलावते. आमच्या बैठकीत नेमके हेच राहून गेले होते.

कायदाही हळूहळू आला. १९८३ चे ४९८-अ हे कलम (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५) शिक्षा सांगते. ‘घर मोडेल’ या धास्तीने आपली माणसे तेथवर जात नसत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात आला. त्यात संरक्षण अधिकारी आहे, खर्चाची तरतूद आहे आणि राहत्या घरात राहण्याचा हक्क आहे. व्यापारी कुटुंबांत घर बहुधा सासऱ्यांच्या नावावर असते. तसे असले तरी सुनेला तेथे राहण्याचा हक्क मागता येतो, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला. ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना अद्याप ठाऊक नाही, म्हणून मुद्दाम लिहिली.

ती लेक दोन वर्षांनी दोन मुलांसह कायमची परत आली. एका कानाने तिला ऐकू येत नव्हते. वडिलांनी तिला शिलाईसाठी कापड उधारीवर देण्यास सुरुवात केली. त्या उधारीचा तगादा त्यांनी कधी केला नाही, मलाही करू दिला नाही.

या लेखासाठी मी जुन्या वह्या काढल्या. त्या बैठकीचे इतिवृत्त कोठेही नाही. आमच्या दुकानाच्या रोजमेळात मात्र त्या तारखेस वडिलांच्या हातची एक ओळ आहे : बैठक, चहा-खर्च.