तारीफ-इ-हुसेनशाही

अहमदनगरच्या निजामशाही दरबारातील आफताबी या कवीचे सचित्र फार्सी काव्य. दख्खनी चित्रशैलीच्या ज्ञात हस्तलिखितांत ते अगदी आरंभीचे असून पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या (स्थापना १९१०) संग्रहात आहे. हुसेन निजामशाहाची (कार. १५५३–६५) स्तुती, राणी खुंझा हुमायूनचे सौंदर्यवर्णन, दोघांचा विवाह आणि राक्षसतागडीची लढाई (जानेवारी १५६५) हे काव्याचे विषय. त्याच वर्षी हुसेनशाह वारला व अल्पवयीन मुर्तझाच्या नावे राणी कारभार पाहू लागली. हस्तलिखित तिच्याच अमदानीत, १५६५–६९ च्या दरम्यान, सिद्ध झाले असावे.

त्यातील बारा चित्रे आज उपलब्ध आहेत. रामरायाचा शिरच्छेद व लढाईचे प्रसंग इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे असले, तरी चित्रकाराची खरी रुची दिसते ती काव्यमय दृश्यांत. उंच क्षितिज व सोनेरी आकाश हा इराणी वारसा; स्त्रियांची चोळी, गोंडे लावलेल्या लांब वेण्या आणि त्यांची डौलदार अंगलट मात्र एतद्देशीय आहे. एका चित्रात सुंदरीच्या स्पर्शाने वृक्ष बहरला आहे. हा संस्कृत काव्यातील ‘दोहद’ संकेत होय. मराठीतील ‘डोहाळे’ हा शब्द त्याच कुळातला. फार्सी स्तुतिकाव्यासाठी मुसलमान राणीचे चित्र काढताना चित्रकाराने अशोक-बकुळांच्या परंपरेकडे वळावे, यात दख्खनच्या मिश्र संस्कृतीचा जितका पुरावा आहे तितका दरबारी बखरींत क्वचितच सापडेल. बाराव्या शतकातील गेंजी कथेच्या जपानी चित्रगुंडाळ्यांतही अंगणातील शरद ऋतूची गवते पात्रांच्या मनःस्थितीशी निगडित आहेत. परंतु तेथे निसर्ग दुःखाचा सोबती होतो, येथे तो स्त्रीच्या स्पर्शाला फुलांनी उत्तर देतो.

राजाशेजारी बसलेली राणी इतर चित्रांतून मात्र पुसून टाकलेली आढळते. १५६९ मध्ये मुर्तझाने आईला कैद करून सत्ता हाती घेतली. ही खाडाखोड त्यानंतरची असावी. वृक्षाखालील सुंदरी बचावली, ती बहुधा राणी म्हणून ओळखली न गेल्यामुळे. काव्यातील तिची स्तुती कायम राहिली, हे विशेष. जी. टी. कुलकर्णी व म. श्री. माटे यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती मंडळाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केली.