जनुक ठेवायचं कुठे?

कणकुंबीला अक्काकडे गेले होते ती श्रावणात. माउलीच्या देवळापाशी मलप्रभा उगम पावते, आणि त्या दिवसांत तिथला पाऊस असा, की दोरीवरची लुगडी चार-चार दिवस वाळत नाहीत. अक्काच्या नातीला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी पोरीला घेऊन जांबोटीवरून बेळगाव गाठायचं, रक्त चढवायचं, रात्री उशिरा परत. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की आता नवं जनुक घालून हा आजार बरा करतात. चहा गाळता गाळता तिनं विचारलं, "घालतात हे खरं गं, पण ठेवतात कुठं?"

मी म्हटलं, ठेवतात असेल कुठंतरी. ती म्हणाली, "कुठंतरी कसं? इथं कळसा नाल्याचं पाणी मलप्रभेकडं वळवायला २००६ पासून चर खणली. पाणी काही वाईट नव्हे. पण चर कुठून जाते, कुणाचं पाणी तुटतं, यावरून गोव्याचं नि कर्नाटकाचं अजून भांडण चाललंय."

घरी येऊन वाचायला बसले तेव्हा कळलं, अक्काचा प्रश्न साधा नव्हता. शास्त्रज्ञांना त्याचा खरा धसका बसला तो २००२ साली, आणि तोवर मुलांना भोगावं लागलं होतं.

आपल्या पेशीत सुमारे तीनशे कोटी अक्षरांची पोथी असते. त्यातली वीसेक हजार जनुकं म्हणजे कामाचे श्लोक, असं समजा. एखादा श्लोक चुकीचा असेल तर बरोबर श्लोक आत पोचवायचा. पोचवायला विषाणू वापरतात, कारण पेशीत शिरायची विद्या त्यालाच येते. त्याचा रोग काढून टाकायचा, आणि त्याच्या पाठीवर आपलं जनुक लादायचं. १९९० च्या सप्टेंबरात अमेरिकेत चार वर्षांच्या एका मुलीवर पहिला मान्यताप्राप्त प्रयोग झाला. विषाणू पोथीच्या कुठल्या पानावर श्लोक चिकटवतो, याची फार काळजी तेव्हा कुणी केली नाही. एवढी मोठी पोथी, कुठेही पडला तरी नेमका वाईट जागी पडायची शक्यता किती!

मग पॅरिस. आलँ फिशर आणि मारिना कव्हाझाना या डॉक्टरांकडे अशी मुलं होती, की ज्यांना रोगाशी लढायची ताकद जन्मतःच नव्हती. साधी सर्दीही जीवावर बेतायची. त्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी काढून, जनुक घालून परत दिल्या. २००० साली निकाल छापून आला: मुलं घरी गेली, खेळू लागली. त्या आयांना काय वाटलं असेल, ते आपल्याला सांगायला नको. लंडनमध्येही तसेच उपचार सुरू झाले.

२००२ मध्ये पॅरिसच्या एका मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. पुढे आणखी. दोन्हीकडच्या वीस मुलांपैकी पाचांना झाला, एक गेलं. तपासलं तर बहुतेकांत नवं जनुक एलएमओ-२ नावाच्या जनुकाशेजारी जाऊन बसलं होतं. ते एरवी गप्प असायला हवं. शेजारच्या गोंगाटानं जागं झालं, आणि पेशी वाढतच सुटल्या. पुढच्याच वर्षी दिसून आलं, की हा विषाणू कुठेही पडत नाही. चालू जनुकांच्या तोंडाशीच बसायला त्याला आवडतं. म्हणजे औषध बरोबर होतं, जागा चुकली होती. बाकीची बहुतेक मुलं बरी राहिली, हेही लिहायला हवं. नाहीतर नुसती भीतीच हातात राहील.

तेव्हापासून "सुरक्षित जागा" शोधणं सुरू झालं. आधीच्या तीन जागा हाताशी होत्या, त्याही योगायोगानं सापडलेल्या. एक १९ व्या गुणसूत्रावरची, एक निरुपद्रवी विषाणू आपणहून तिथे बसतो म्हणून. दुसरी सीसीआर-५, ते जनुक नसलेली माणसंही धडधाकट जगतात म्हणून. तिसरी उंदरात सापडली, मग माणसात तिची जोडी शोधली. पण तिन्हींच्या आजूबाजूला जनुकांची दाटी.

२०११ मध्ये न्यूयॉर्कच्या एरिनी पापापेट्रू आणि मिशेल साडलँ यांनी नियमच घातले. नवं जनुक कुठल्याही जनुकाच्या तोंडापासून पन्नास हजार अक्षरं लांब हवं, कर्करोगाशी संबंध असलेल्या जनुकापासून तीन लाख. आणि हे त्यांनी तपासलं कशावर? थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या पेशींवर! ते वाचताना मला अक्काची नात आठवली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी संगणकावर जवळपास दोन हजार जागा काढल्या. निवडक पाच तपासून दोन पुढे केल्या.

आपल्याकडे मुंबईत आयआयटी आणि टाटा रुग्णालयानं रक्ताच्या कर्करोगावर नेक्सकार-१९ हा उपचार तयार केला. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याला सरकारी परवानगी मिळाली. परदेशी उपचाराच्या सुमारे दहाव्या हिश्श्यात होतो म्हणतात. त्यातही जनुक विषाणूच नेतो, आणि जागा अजून त्याचीच मर्जी. मात्र तिथे काम पक्व झालेल्या पेशींवर होतं, त्या सहसा बिघडत नाहीत. तरी २०२४ च्या जानेवारीत अमेरिकेच्या औषध खात्यानं अशा उपचारांवर धोक्याची ठळक सूचना छापायला लावली. थॅलेसेमियाचं जनुक घालणारं औषध तिथे २०२२ मध्ये मंजूर झालं. किंमत अठ्ठावीस लाख डॉलर. मी अक्काला रुपयांत करून सांगितलं नाही.

आमच्यात मामाच्या मुलीशी, आत्याच्या मुलाशी सोयरीक अजून होते. दोघांच्याही रक्तात हा दोष लपलेला असला, तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक मूल असं जन्मायची भीती. लग्नाआधी रक्ताची साधी तपासणी केली तर कळतं. अक्काच्या घरी पत्रिका जुळवली होती.

महिन्याभरानं अक्काचा फोन आला. धाकट्या नातवाची अस्थिमज्जा बहिणीशी जुळते का, ते बघायला डॉक्टरांनी त्याचं रक्त पाठवलंय. सख्ख्या भावंडाचं जुळलं तर प्रत्यारोपण करता येतं, त्यात नवं जनुक घालायचा प्रश्नच नाही. "अहवाल यायचाय," म्हणाली. "पाऊस मात्र काही थांबेना बघ."