वाडिया घराण्याचा जहाजबांधणी व्यवसाय : उगम आणि सागवान

प्रस्तावना :
मुंबईतील जहाजबांधणीचा इतिहास बहुधा वाडिया घराण्याच्या कर्तृत्वाच्या अंगाने लिहिला जातो. हे कर्तृत्व निर्विवाद आहे. तथापि, ज्या सागवानावर ते उभे राहिले त्याचा विचार केल्याशिवाय या व्यवसायाचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. शहापूर-मुरबाडसारख्या सागवनांच्या परिसरात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो.

व्यवसायाचा उगम :
सुरतेचे कुशल सुतार लवजी नसरवानजी वाडिया यांना ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ च्या सुमारास काही कारागिरांसह मुंबईस आणले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी उभी राहिली. १७७४ मध्ये लवजींच्या निधनानंतर माणकजी व बमनजी या पुत्रांनी काम सांभाळले. पुढे नातू जमशेटजी बमनजी यांनी ब्रिटिश नौदलासाठी १८१० मध्ये ७४ तोफांची ‘मिंडेन’ बांधली. १८१७ ची ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. मात्र गोदी कंपनीच्या मालकीची होती. वाडियांकडे पिढीजात आली ती विद्या आणि मुख्य बांधणीकाराचा हुद्दा.

सागवान आणि वनसत्ता :
सागातील नैसर्गिक तेलामुळे लाकूड सहसा कुजत नाही आणि लोखंडी खिळेही टिकतात. नेपोलियनच्या काळातील युद्धांत इंग्लंडला ओक अपुरा पडू लागल्याने सागाचे महत्त्व वाढले. १८०६ मध्ये कंपनीने मलबारात कॅप्टन वॉटसन यांची वनसंरक्षकपदी नेमणूक करून सागाची मक्तेदारी प्रस्थापित केली. तक्रारी वाढल्यामुळे १८२३ मध्ये हे पद रद्द झाले. परंतु त्यामागील विचार टिकून राहिला. १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले, तर १८७८ च्या वन कायद्याने सरकारी हक्क अधिक दृढ केले. त्यातून उद्भवलेल्या ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील रयतेच्या गाऱ्हाण्यांच्या चौकशीसाठी १८८५ मध्ये आयोग नेमावा लागला. तोवर युद्धनौका लोखंड व पोलादाच्या बनू लागल्या होत्या.

निष्कर्ष :
कौशल्य, राजाश्रय आणि सागवान या तीन आधारांवर हा व्यवसाय वाढला. लाकडी जहाजांचे युग संपले, तरी त्या युगात रुजलेला वनांवरील सरकारी हक्काचा विचार संपला नाही. म्हणून या घराण्याचा इतिहास गोदीपुरता मर्यादित न ठेवता वनप्रदेशातील जनतेच्या इतिहासाशी जोडून अभ्यासणे आवश्यक आहे.