व्यसनाधीनता व दंडविधान : पोर्तुगालमधील कायदेबदल

मादक पदार्थ स्वतःच्या सेवनासाठी जवळ बाळगणे हा फौजदारी गुन्हा न मानता प्रशासकीय स्वरूपाचा नियमभंग मानावा आणि व्यसनी व्यक्तीला तुरुंगाऐवजी उपचाराकडे वळवावे, या तत्त्वावर पोर्तुगालमध्ये १ जुलै २००१ पासून अंमलात आलेली व्यवस्था. या कायद्याने मादक पदार्थांवरील बंदी उठविली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो; तो बरोबर नाही. हेरॉइन, कोकेन, गांजा यांचे सेवन पोर्तुगालमध्ये आजही निषिद्ध आहे आणि त्यांचा व्यापार करणाऱ्यास दीर्घ मुदतीच्या कारावासाची शिक्षा होते. बदलले ते एवढेच, की सेवन करणारा न्यायालयापुढे आरोपी म्हणून उभा राहीनासा झाला. हा बदल वरवर पाहता लहान वाटतो. त्याच्यामागची पार्श्वभूमी व त्याच्या भोवती उभारलेली यंत्रणा पाहिल्याखेरीज त्याचे महत्त्व ध्यानात येत नाही.

पार्श्वभूमी : मादक पदार्थांशी पोर्तुगीज सत्तेचा संबंध जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ईस्ट इंडिया कंपनीचे निर्बंध चुकविण्यासाठी माळव्याची अफू कराचीमार्गे दमण या पोर्तुगीज बंदरात येई व तेथून मकाव आणि चीनकडे रवाना होई. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकल्यावर हा मार्ग बंद पडला. मकावमध्ये मात्र अफूच्या मक्त्याचे उत्पन्न पोर्तुगीज शासनाला दुसऱ्या महायुद्धापर्यंत मिळत राहिले. असे असूनही खुद्द पोर्तुगालमध्ये मादक पदार्थांचा प्रश्न विसाव्या शतकाच्या सातव्या दशकापर्यंत जवळजवळ नव्हता. आंतोन्यू सालाझारच्या हुकूमशाही राजवटीने देश बाहेरील वाऱ्यापासून कटाक्षाने दूर ठेवला होता. सिगारेट पेटविण्याचा लायटर वापरण्यासाठी तेथे परवाना लागे आणि कोका-कोला हे पेय १९७७ पर्यंत त्या देशात विकले जात नसे, यावरून त्या बंदिस्तपणाची कल्पना येते. सेवन हा गुन्हा ठरविणारा कायदा तेथे १९७० मध्ये झाला.

२५ एप्रिल १९७४ च्या क्रांतीने ही राजवट संपली. अंगोला, मोझँबीक व गिनी-बिसाऊ येथे १९६१ पासून चाललेली वसाहतयुद्धे थांबली, सैनिक परतले आणि त्यांच्या पाठोपाठ पाच लाखांहून अधिक वसाहतवासी मायदेशी आले. आफ्रिकेत गांजा सर्रास मिळे. तो त्यांच्याबरोबर आला. त्याच्या मागोमाग, १९७० च्या दशकाच्या अखेरीस, हेरॉइन आले. शेजारच्या देशांना मादक पदार्थांची ओळख दोन-तीन दशकांत हळूहळू झाली होती. तीच पोर्तुगालला पाच-सात वर्षांत झाली. कोणता पदार्थ किती घातक आहे, याचे व्यवहारज्ञान समाजाजवळ नव्हते. पालक, शिक्षक आणि डॉक्टर हे सारेच अनभिज्ञ होते. त्यामुळे हे व्यसन केवळ गरीब वस्त्यांपुरते मर्यादित राहिले नाही, तर मध्यमवर्गीय व संपन्न घरांतही शिरले. पुढील धोरणाला जे व्यापक लोकमत लाभले, त्याचे कारण बहुधा येथेच शोधावे लागेल. ज्याच्या कुटुंबात वा शेजारात हेरॉइनचा व्यसनी नाही असा माणूस विरळा झाला, तेव्हा व्यसनी म्हणजे कोणी परका गुन्हेगार, ही कल्पना टिकणे कठीण झाले.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस सुमारे एक कोटी लोकसंख्येच्या या देशात हेरॉइनचे व्यसन जडलेल्यांची संख्या एक लाखाच्या घरात, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्का, असल्याचा अंदाज होता. लिस्बनमधील आल्कांतारा दरीच्या उतारावरील काझाल व्हेंतोझू ही वस्ती हेरॉइनचा उघडा बाजार बनली. तेथे रोज हजारो लोक येत. कित्येक तेथेच, आडोशाला, कचऱ्यात राहत. एकच सुई अनेकांनी वापरल्यामुळे एड्सचा फैलाव झाला आणि मादक पदार्थांच्या इंजेक्शनांशी निगडित एड्सचे प्रमाण यूरोपीय संघात पोर्तुगालमध्ये सर्वाधिक नोंदले गेले.

या काळातील कायदा दुटप्पी होता. १९८३ च्या अधिनियमाने व्यसनी व्यक्ती ही रुग्ण असल्याचे तत्त्वतः मान्य केले. पण सेवन हा गुन्हाच राहिला. १९९३ च्या अधिनियमाच्या ४० व्या कलमानुसार सेवनासाठी तीन महिन्यांपर्यंत आणि बाळगलेला साठा तीन दिवसांच्या गरजेहून अधिक असल्यास एक वर्षापर्यंत कारावास होऊ शके. प्रत्यक्षात केवळ सेवनासाठी तुरुंगात गेलेले फार थोडे. परंतु पोलिसांची भीती सर्वांनाच होती. या भीतीने व्यसनी माणूस दवाखान्यापासून दूर राहतो, ही तक्रार डॉक्टर वारंवार करीत.

उपचाराची बाजूही अगदीच रिकामी नव्हती. पोर्तू येथे १९७७ पासून मेथॅडोन या पर्यायी औषधाचा वापर होत होता. लिस्बनमधील ताइपाश केंद्र १९८७ मध्ये सुरू झाले. १९९३ पासून औषधांच्या दुकानांमधून वापरलेली सुई घेऊन नवी देण्याची देशव्यापी योजना चालू झाली. २००१ च्या कायद्याचा इतिहास लिहिताना हे टप्पे बहुधा वगळले जातात. वास्तविक कायदा झाला तेव्हा रुग्णाला पाठवायचे कोठे, या प्रश्नाचे निदान अर्धे उत्तर तयार होते.

आयोग व कायदा : १९९८ मध्ये आंतोन्यू गुतेरेश (पुढे २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले) यांच्या समाजवादी शासनाने नऊ तज्ञांचा आयोग नेमला. जीवशास्त्रज्ञ अलेशांद्रे किंतानिल्या हे त्याचे अध्यक्ष होते. सदस्यांत मानसोपचारतज्ञ, विधिज्ञ, गुन्हेशास्त्रज्ञ आणि आल्गार्व्ह भागात सामान्य वैद्यक म्हणून काम केलेले जुआंव गुलांव होते. पुढे हेच गुलांव दीर्घकाळ या धोरणाचे राष्ट्रीय समन्वयक राहिले. आयोगाच्या शिफारशी १९९९ मध्ये राष्ट्रीय धोरण म्हणून स्वीकारण्यात आल्या. त्यांत सेवनाला फौजदारी कक्षेबाहेर काढण्याची शिफारस ही अनेकांपैकी एक होती. प्रतिबंध, उपचार, हानिन्यूनीकरण आणि सामाजिक पुनर्वसन यांवरील सार्वजनिक खर्च पाच वर्षांत दुप्पट करणे हाही त्याच धोरणाचा भाग होता. संसदेत उजव्या पक्षांनी विरोध केला. देश मादक पदार्थांच्या शोधात निघालेल्या प्रवाशांचे आश्रयस्थान बनेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. डाव्या पक्षांच्या पाठिंब्याने विधेयक संमत होऊन २९ नोव्हेंबर २००० रोजी तीस क्रमांकाचा कायदा म्हणून ते प्रसिद्ध झाले.

या कायद्यान्वये एका व्यक्तीच्या दहा दिवसांच्या सेवनाला पुरेल एवढा साठा जवळ असणे हा गुन्हा राहिला नाही. हेरॉइनसाठी ही मर्यादा १ ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम, चरसासाठी ५ ग्रॅम व गांजासाठी २५ ग्रॅम अशी आहे. पोलीस पदार्थ जप्त करतात आणि संबंधित व्यक्तीस ७२ तासांच्या आत व्यसनपरावृत्ती आयोगापुढे हजर होण्यास सांगतात. मुख्य भूमीवरील १८ जिल्ह्यांत असा प्रत्येकी एक आयोग स्थापन झाला. त्याचे तीन सदस्य असतात : एक विधिज्ञ, इतर दोघे वैद्यक, मानसशास्त्र, समाजशास्त्र वा समाजकार्य या क्षेत्रांतील. कामकाज न्यायालयाच्या इमारतीत चालत नाही. काळे झगे, उंच आसन, आरोपीचा पिंजरा यांपैकी काहीही तेथे नसते. सारे एका टेबलाभोवती बसतात. व्यक्ती अधूनमधून सेवन करणारी आहे की व्यसनाच्या अधीन झालेली, हे प्रथम ठरविले जाते. व्यसनी नसलेल्या व पहिल्यांदाच आलेल्या व्यक्तीचे प्रकरण स्थगित ठेवण्यात येते. व्यसनी व्यक्तीने उपचार स्वीकारल्यास तिचेही. उपचाराची सक्ती नाही. व्यसनी नसणाऱ्यास द्रव्यदंड होऊ शकतो, मात्र व्यसनी व्यक्तीस द्रव्यदंड करता येत नाही, कारण तो भरण्यासाठी ती बहुधा चोरीच करील, हे उघड होते. ठरावीक ठिकाणी जाण्यास मनाई, नियमित हजेरी, विशिष्ट व्यवसायाचा वा शस्त्राचा परवाना निलंबित करणे अशा अन्य उपायांची तरतूद आहे. आयोगांपुढील बहुतेक प्रकरणे गांजा-चरसाची असतात आणि त्यांतील बहुसंख्य स्थगितीतच संपतात. आयोगाचे खरे कार्य निर्णय देणे हे नसून माणसाला योग्य केंद्रापर्यंत पोचविणे हे आहे.

आंतरराष्ट्रीय मादक पदार्थ नियंत्रण मंडळाने या बदलाविषयी प्रारंभी नापसंती दर्शविली. १९८८ चा संयुक्त राष्ट्रांचा करार स्वतःसाठी साठा बाळगणे हेही गुन्हा ठरवावे असे सांगतो. तथापि प्रत्येक देशाच्या संविधानाची मूलतत्त्वे राखून, असे बंधनही त्यातच आहे, शिवाय शिक्षेऐवजी उपचाराची मुभाही. बंदी कायम असून केवळ शिक्षेचे स्वरूप बदलले आहे, असा पोर्तुगालचा युक्तिवाद होता. २०१५ मध्ये याच मंडळाच्या अध्यक्षांनी पोर्तुगालची पद्धत अनुकरणीय असल्याचे सांगितले.

परिणाम : उपचार घेणाऱ्यांची संख्या १९९८ मधील सु. २३,६०० वरून २००८ पर्यंत सु. ३८,५०० वर गेली. इंजेक्शन घेणाऱ्यांतील एचआयव्ही संसर्गाची नवी निदाने २००० च्या सुमारास दरवर्षी शेकड्यांनी होत; २०१० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंत ती शंभराच्या खाली आली. अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण पुढे बरीच वर्षे पश्चिम यूरोपात अत्यल्प राहिले. प्रवाशांची लाट आलीच नाही. सेवनाचे एकूण प्रमाण २००१ ते २००७ या काळात काहीसे वाढले व २०१२ च्या पाहणीत पुन्हा घटलेले आढळले. या आकड्यांचे सारे श्रेय कायद्याला देणे मात्र एकांगी ठरेल. हेरॉइनची लाट स्पेन व इटलीतही याच सुमारास ओसरत होती. सुया बदलून देण्याची योजना कायद्याच्या आठ वर्षे आधीची होती. कायद्याने भीती काढून घेतली आणि दवाखान्याने तिची जागा घेतली. यांपैकी एकट्या कशाने काय साधले असते, हे आकड्यांवरून वेगळे करता येत नाही.

अमेरिकेतील ऑरेगन राज्याचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. तेथे नोव्हेंबर २०२० च्या सार्वमताने अल्प साठा बाळगण्याचा गुन्हा रद्द झाला आणि फेब्रुवारी २०२१ पासून शंभर डॉलरचा दंड अथवा त्याऐवजी एका दूरध्वनी क्रमांकावर चौकशी, एवढाच पर्याय राहिला. समोरासमोर बसणारा आयोग नव्हता, उपचारकेंद्रांसाठीचा पैसा उशिरा पोचला आणि फेंटानिल या अतितीव्र पदार्थाचा सुळसुळाट नेमका त्याच काळात झाला. सप्टेंबर २०२४ पासून तेथे साठा बाळगणे पुन्हा गुन्हा ठरले.

भारतात या विषयाचा मूळ कायदा म्हणजे गुंगीकारक औषधी द्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५. त्याच्या २७ व्या कलमानुसार सेवन हा गुन्हा असून हेरॉइन, मॉर्फीन व कोकेन यांसाठी एक वर्षापर्यंत व इतर पदार्थांसाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड होऊ शकतो. तथापि व्यसनी व्यक्तीला उपचारासाठी सोडण्याचा अधिकार ३९ व्या कलमाने न्यायालयास दिला आहे आणि स्वेच्छेने उपचार घेणाऱ्यास ६४ अ कलमाने खटल्यापासून संरक्षण मिळते. पोर्तुगालचा कायदा अंमलात आला त्याच वर्षी, २००१ मध्ये, भारतीय कायद्यातही साठ्याच्या प्रमाणानुसार शिक्षेची श्रेणी ठरविण्यात आली. मात्र उपचाराचा मार्ग येथे अटकेनंतर व न्यायालयाच्या दारातून जातो. महाराष्ट्रात ‘गर्द’ या नावाने हेरॉइन पसरले, तेव्हा १९८६ मध्ये पुण्यात अनिल व सुनंदा अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे स्वयंस्फूर्त प्रयत्नातून उभे राहिले, कायद्याच्या योजनेतून नव्हे.

उत्तरकाल : पोर्तुगालमध्येही ही व्यवस्था एकदा उभारल्यावर आपोआप चालत राहिली नाही. दहा दिवसांहून अधिक साठा स्वतःसाठी असला तरी तो गुन्हाच होय, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये दिला. परिणामी सेवन करणारे पुन्हा फौजदारी न्यायालयात दिसू लागले. आर्थिक अरिष्टाच्या काळात, २०१२ मध्ये, प्रतिबंधापासून पुनर्वसनापर्यंतची कामे एका छत्राखाली पाहणारी राष्ट्रीय संस्था मोडण्यात आली आणि उपचारकेंद्रे प्रादेशिक आरोग्य प्रशासनांकडे वाटली गेली. अनुभवी माणसे पांगली, प्रतीक्षायाद्या लांबल्या. देखरेखीखाली सेवनाच्या खोल्यांना २००१ च्याच एका अध्यादेशाने मुभा दिली होती. त्यांपैकी पहिली लिस्बनमध्ये, तीही फिरत्या वाहनातून, २०१९ मध्ये सुरू झाली. २०२१ च्या सुमारास अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची संख्या दहा-बारा वर्षांतील उच्चांकाला पोचली. पोर्तू शहराच्या रस्त्यांवर सुया व उघड्यावरील सेवन पुन्हा दिसू लागले आणि शाळांच्या परिसरातील सार्वजनिक सेवन पुन्हा गुन्हा ठरवावे, अशी मागणी तेथील महापौरांनी केली. संसदेने वेगळी दिशा घेतली. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीने दहा दिवसांची मर्यादा ही केवळ सूचक ठरली. तिच्यापेक्षा अधिक साठाही स्वतःसाठीच असल्याचे दिसून आल्यास तो आता गुन्हा ठरत नाही आणि कृत्रिम पदार्थांनाही हाच नियम लागू झाला. विखुरलेल्या सेवा पुन्हा एकत्र आणणारी नवी राष्ट्रीय संस्था १ जानेवारी २०२४ पासून कार्यान्वित झाली.