खडकाचे वाचन आणि त्यातील काळे ठिपके

विज्ञानाचा इतिहास सांगताना आपण बहुधा उपकरणांच्या शोधांची मालिका मांडतो. धातुकांच्या, म्हणजे धातू देणाऱ्या खनिजांच्या, सूक्ष्म अभ्यासाचा इतिहास या रीतीत नीट बसत नाही. येथे साधने हाताशी होती. विलंब झाला तो ती योग्य जागी नेण्यास.

१८२८ मध्ये एडिंबरोच्या विल्यम निकोल यांनी कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक तिरपा कापून कॅनडा बाल्सम या राळेने पुन्हा जोडला. या लोलकातून एकाच प्रतलात कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित, प्रकाश मिळू लागला. अश्मीभूत लाकडाचे पातळ छेद पाहण्याची रीतही तेव्हा अवगत होती. ती खडकांना लावली शेफिल्डच्या हेन्री क्लिफ्टन सॉर्बी यांनी. पर्वत का कुणी सूक्ष्मदर्शकातून पाहतो, अशी त्यांची थट्टा झाली. १८५८ च्या निबंधात त्यांनी स्फटिकांत अडकलेल्या द्रवाच्या सूक्ष्म थेंबांवरून खडकाच्या उत्पत्तीविषयी अनुमाने मांडली. हा मार्ग जर्मनीत अधिक रुजला: १८७३ या एकाच वर्षी झिरकेल आणि रोझेनबुश या दोघांचेही या विषयावरील ग्रंथ निघाले.

रीत अशी. दगडाची चकती सुमारे ०.०३ मिलिमीटर जाडीपर्यंत घासायची आणि परस्परांना काटकोनात ठेवलेल्या दोन लोलकांमध्ये ठेवायची. एरवी हे दृश्यक्षेत्र काळे असते. चकती येताच क्वार्ट्‌झ करड्या-पांढऱ्या छटांत उजळते, ऑलिव्हिन झगझगीत रंग दाखवते. परंतु ज्यासाठी खाण खणली जाते ते पायराइट, गॅलेना वा मॅग्नेटाइट इतक्या पातळ छेदातही अपारदर्शक राहते. वाचकाला नेमका हवा असलेला शब्दच शाईने माखलेला असावा, तशी ही अवस्था.

यावरचा उपाय म्हणजे पृष्ठभाग आरशासारखा घासून वरून प्रकाश टाकणे. पोलादाच्या बाबतीत हे सॉर्बी यांनीच १८६३-६४ मध्ये केले होते. तरीही अपारदर्शक धातुकांसाठी ही रीत रुळली ती विसाव्या शतकात: कोलंबिया विद्यापीठातील विल्यम कॅम्बेल यांचा लेख १९०६ चा, जोसेफ मर्डॉक यांचे पुस्तक १९१६ चे. कॅम्बेल धातुशास्त्राचे अध्यापक होते, हे आम्हांस अर्थपूर्ण वाटते. पोलाद कारखान्याचे आणि खडक भूवैज्ञानिकाचा, ही वाटणीच या विलंबाचे मोठे कारण असावे.

परावर्तित ध्रुवित प्रकाशात, लोलक काटकोनात असता, पायराइट जवळपास काळेच राहते, तर कोव्हेलाइट केशरी ज्वाळेसारखे पेटते. कोणते खनिज आधीचे, कोणी कोणाची जागा घेतली, हे कडांवरून उमगते. प्रश्न केवळ ज्ञानाचा नाही. जस्ताच्या स्फॅलेराइटमध्ये तांब्याच्या चाल्कोपायराइटचे बारीक कण विखुरलेले असतील, तर दगड कितीही दळला तरी काही तांबे जस्ताबरोबरच निघून जाते.

आज वरून झिलई केलेला, काच न झाकलेला पातळ छेद वापरून दोन्ही प्रकारचे वाचन एकाच तुकड्यावर होते. आपल्या विषयांच्या अभ्यासपद्धतींतही शेजारच्या दालनात तयार पडलेली, पण कुणी उचलून न आणलेली अशी साधने किती असतील, हा विचार या इतिहासाने आमच्यापुढे ठेवला आहे.